दगड गाळत नाही

प्रोफेसर इझुदिन साराच महापौर झाले तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता आपण बोललो की लोक ऐकतील. तीस वर्षं सारायेवोच्या विद्यापीठात शिकवलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. वर्गात तो बोलतो आणि पोरं खाली माना घालून उतरवून घेतात. पोद्व्रेलोच्या नगरपालिकेत महापौर बोलायला उभा राहिला की नगरसेवक एकमेकांना सिगारेटी देतात, आणि त्याचं बोलणं संपलं की कुणीतरी विचारतं, कॉफी सांगितली आहे ना.

त्यांचा विषय होता चुनखडीचे डोंगर आणि त्या डोंगरांच्या पोटातलं पाणी. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर काहीही न लिहिता सांगत, "पोरांनो, माती पाणी गाळते. दगड गाळत नाही. दगड फक्त लपवतो." चुनखडीच्या डोंगराला आतून भोकं असतात. वरच्या खड्ड्यात जे पडेल ते खालच्या झऱ्यातून जसंच्या तसं बाहेर येतं, फक्त बर्फासारखं गार आणि काचेसारखं नितळ होऊन. माणूस ओंजळीत घेतो, तोंड पुसतो आणि म्हणतो, वा, काय पाणी आहे. या एका वाक्यावर प्रोफेसरांनी तीन पुस्तकं लिहिली होती. ती जर्मनीत आणि इटलीत वाचली जात. पोद्व्रेलोत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावात, त्यातलं एक पान कुणी उलटलेलं नव्हतं.

आणि गाव नेमकं अशाच एका झऱ्यावर जीव टाकून होतं. शाळेच्या वळणावर, सेय्दा मावशीच्या घरासमोर तो झरा होता. सेय्दा मावशीचा एकुलता एक मुलगा मेन्सुर युद्धात गेला. युद्ध संपल्यावर त्याची हाडं तिच्या हाती आली, ती तिने पुरली, आणि मग घरात होतं-नव्हतं ते घालून तो झरा पांढऱ्या दगडात बांधून काढला. वर कोरून घेतलं, मेन्सुरच्या नावाने, पिणाऱ्याने एक फातिहा म्हणावी, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी यापेक्षा मोठं काही करता येत नाही. जो जो पाणी पितो त्याचं पुण्य त्या मेलेल्याला पोचतं. सगळं गाव तिला मावशी म्हणे. तिच्याहून चारपाच वर्षांनीच लहान असलेले प्रोफेसरही मावशीच म्हणत.

झऱ्याच्या वर, डोंगराच्या माथ्यावर ग्रादिना नावाची वस्ती. तिला गटार नाही. तिथल्या शौचखड्ड्यांचं, गोठ्यांचं, बैरामच्या सणाला कापलेल्या मेंढ्यांच्या आतड्यांचं सगळं एका खोल भोकात जातं आणि ग्रादिनाची माणसं म्हणतात, गेलं, सुटलो. कुठे गेलं ते खालच्या शाळेतल्या मुलांना विचारावं. वर्षाआड पानगळीच्या दिवसांत त्यांना कावीळ होई. एका वर्षी अर्धी शाळा पिवळी पडली आणि एक मुलगी सारायेवोच्या इस्पितळातून परत आलीच नाही. गाव म्हणालं, नशीब. डॉक्टर म्हणाले, हात धूत नाहीत.

प्रोफेसरांनी लेख लिहिले, मंत्रालयात खेटे घातले. टीव्हीवरही एकदा बोलले, पण त्यांच्या आधी हवामान होतं आणि नंतर फुटबॉल. मग एके दिवशी हसिब त्यांच्या सारायेवोच्या घरी आला.

हसिब म्हणजे पोद्व्रेलोतल्या पक्षाचा म्होरक्या. त्याचा पेट्रोलपंप होता, लग्नाचा हॉल होता, आणि गावातला एकही जनाजा त्याने कधी चुकवलेला नव्हता. येताना तो चीजचा अख्खा गोळा घेऊन आला होता. प्रोफेसरांची बायको जुम्रा, दातांची डॉक्टर, कॉफी ओतता ओतता म्हणाली, "तुमच्या पक्षात सगळे चोर आहेत असं ऐकलंय."

"म्हणून तर आलोय, वहिनी," हसिब म्हणाला. "एक तरी स्वच्छ माणूस पाहिजे ना पोस्टरवर."

"आणि पोस्टर काढल्यावर?"

"पोस्टर काढल्यावर प्रोफेसर महापौर. बोला प्रोफेसर, काय पाहिजे तुम्हाला? गाडी? ती असतेच."

"मला तो झरा बंद करायचाय," प्रोफेसर म्हणाले.

हसिबने साखरेचा खडा कॉफीत बुडवला, चोखला, विचार केला. "करा की. आधी निवडून तर या."

तो गेल्यावर जुम्रा म्हणाली, "तुला तो बनवून गेला."

"मी त्याला बनवलं," प्रोफेसर म्हणाले. असं त्यांना खरंच वाटत होतं.

प्रोफेसर निवडून आले. जुम्रा सारायेवोतच राहिली. तिचं म्हणणं, तिथे निदान लोक तोंड उघडतात ते दुखतंय म्हणून. महापौर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरांनी झऱ्यापाशी पाटी लावायला लावली, "पाणी पिण्यायोग्य नाही." दोन दिवसांनी बघायला गेले तर पाटी जागेवर होती. तिच्या खिळ्याला कुणीतरी पत्र्याचा पेला अडकवून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याची सोय म्हणून. पाटीसमोर बाया घडे भरत होत्या. "पाटी चांगली लावलीत हो, प्रोफेसर," एक जण म्हणाली, "पेला ठेवायला काही नव्हतं."

महापौराचं खरं काम काय असतं ते हसिबने शिकवलं. मशिदीजवळच्या अक्रोडाच्या झाडावर हिरव्या चौकटीचे कागद लागत, अमुक वारला, अमुक वाजता जनाजा. हसिब म्हणे, "रस्ता नाही झाला तरी लोक माफ करतात. नोकरी नाही लावलीत तरी माफ करतात. जनाज्याला नाही दिसलात तर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात. हे एवढं सांभाळा, बाकी मी आहे." प्रोफेसरांनी ते सांभाळलं. शिष्टमंडळं ताटकळली, फायली पडून राहिल्या, पण महापौर जनाज्याच्या ओळीत उभे. संध्याकाळी फोनवर जुम्रा विचारी, "आज कोणाला पुरलंस?"

बजेटच्या सभेत त्यांनी ग्रादिनाच्या गटारासाठी ठराव आणला तेव्हा दीड तास वाद झाला. गटार वर बांधायचं तर ग्रादिनाच्या तीन नगरसेवकांच्या घरापासून सुरू करायचं की मशिदीपासून, यावर वाद. मग जेवायची वेळ झाली. ठराव पुढच्या सभेवर गेला आणि पुढची सभा कोरमअभावी झालीच नाही.

मग प्रोफेसरांनी ठरवलं, बोलणं पुरे. दाखवायचं. त्यांच्या धंद्यातली एक साधी रीत आहे. वरच्या भोकात रंग टाकायचा आणि खाली कुठे निघतो ते बघायचं. रंगाची पूड दिसायला नारिंगी, पाण्यात पडली की झगझगीत हिरवी. माणसाला काही अपाय नाही. आयुष्यभर त्यांनी हा प्रयोग केला होता, आल्प्समध्ये केला होता, हर्सेगोव्हिनात केला होता. सोबत त्यांनी एल्वेदिनला घेतलं. एल्वेदिन त्यांचा जुना विद्यार्थी, दहापैकी दहा मिळवणारा. आता तो गावच्या पाणीखात्याचा प्रमुख होता आणि त्यांनीच त्याला तिथे बसवलं होतं. दोघांनी ग्रादिनाच्या भोकात पूड ओतली. पांढऱ्या कागदावर आधीच नोटीस काढून चौकाचौकात डकवली होती, झऱ्यात हिरवं पाणी आलं तर समजावं की ग्रादिनाची घाण झऱ्यात येते.

"आता विश्वास बसेल," प्रोफेसर म्हणाले.

"बसायला हवा, सर," एल्वेदिन म्हणाला.

पांढरे कागद आमच्याकडे कोणी वाचत नाही. हिरव्या चौकटीचे तेवढे वाचतात. पाणी हिरवं झालं ते शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर माणसं मशिदीतून बाहेर पडत होती तेव्हा. वळणावरून पहिली आरोळी आली आणि सगळं गाव झऱ्याकडे धावलं. पांढऱ्या दगडातून हिरवंगार पाणी वाहत होतं, मशिदीच्या झेंड्यासारखं हिरवं. वर नाव कोरलेलं, मेन्सुर. मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "शहीद आहे पोरगा." आणि बायका रडायला लागल्या.

प्रोफेसर नगरपालिकेच्या पायऱ्या उतरून, कोट हातात घेऊन धावत आले तेव्हा लोक बाटल्या भरत होते. त्यांनी ओरडून सांगितलं, रंग आहे, मी टाकलाय, ही ग्रादिनाची घाण आहे. लोकांनी त्यांना आदराने वाट करून दिली, आणि एकाने भरलेली बाटली त्यांच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी झेनित्सा शहरातून भाविकांची बस आली. तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ झालं. तोवर सगळ्यांचं नक्की झालं होतं की खूण तीन दिवसांचीच असते.

इमाम बिचारा शहाणा माणूस. तो प्रोफेसरांकडे येऊन म्हणाला, "मी या शुक्रवारी प्रवचनात स्पष्ट सांगितलं, तो रंग होता. तर दोघांनी विचारलं, नगरपालिकेने किती दिले."

हसिब मात्र जाम खूश. "प्रोफेसर, मी तुम्हाला ओळखलं नव्हतं. मी तीस वर्षं राजकारणात आहे, असलं डोकं माझंही चाललं नसतं."

"हसिब, मी लोकांना घाबरवायला निघालो होतो."

"ते मला सांगितलंत ते सांगितलंत. बाहेर नका सांगू."

जुम्रा फोनवर इतकी हसली की प्रोफेसरांनी रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला. तिचं हसणं तिथूनही ऐकू येत होतं. मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, "इझो, त्या बाईला सांगितलंस का? बाकी गाव गेलं खड्ड्यात. तिला सांग. तिने म्हटलं बंद करा, तर कोण आडवा येणार आहे?"

तेही खरंच होतं. प्रोफेसर सेय्दा मावशीकडे गेले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. बाहेर सतत माणसांचा आवाज येत होता, पेला खिळ्यावर आपटत होता. मावशीने तांब्याच्या भांड्यात कॉफी आणली, लोकुम मिठाईचे तुकडे ठेवले आणि खिडकीपाशी बसली. ती जागा तिची नेहमीची होती, गादी तेवढीच दबलेली होती.

"बरं झालं आलात, प्रोफेसर. मेन्सुर तुमच्याबद्दल फार बोलायचा. युद्ध नसतं झालं तर तोही तुमच्यासारखा डोंगर फिरत बसला असता." ती हसली. "सुट्टीला आला की मला शिकवायचा. म्हणायचा, आमचे सर सांगतात, दगड गाळत नाही, दगड लपवतो. मला काय कळतंय त्यातलं? पण ऐकायला बरं वाटायचं."

प्रोफेसरांनी जुळवलेली वाक्यं तिथेच विस्कटली. मेन्सुर त्यांना आठवत होता, दुसऱ्या बाकावरचा उंच मुलगा, प्रश्न विचारताना उभा राहणारा.

"मी इथे बसून बघते," मावशी म्हणाली. "कोणी पाणी पिऊन ओठ हलवले की मला कळतं, फातिहा म्हणतोय. माझं पोर तहानलेलं गेलं हो. जे कैदेतून सुटून आले त्यांनी सांगितलं, शेवटी पाणी मागत होता. आता बघा, किती पाणी पोचतंय त्याला." तिने त्यांचा कप पुन्हा भरला. "तुम्हीही पिता ना प्रोफेसर, येता-जाता?"

"पितो," प्रोफेसर म्हणाले.

एवढं खोटं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. महापौर झाल्यापासून त्या झऱ्याच्या थेंबाला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. खाली उतरून ते गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर हात आपटला. राग कोणावर काढायचा तेच कळेना. ग्रादिनावर काढावा तर ती साधी माणसं. मावशीवर काढणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांना स्वतःचाच राग आला, आणि तो काही कामाचा नव्हता.

पण त्या गाडीतच त्यांना उपाय सुचला. झरा बंद करायचा नाही. झऱ्याला हातही लावायचा नाही. मागून, दगडाच्या आड, गावच्या नळाचं पाणी जोडायचं आणि डोंगराचं पाणी परस्पर नाल्यात सोडायचं. मावशीला पिणारे दिसतील, पोरांना कावीळ होणार नाही. ठराव आणला तर गाव पेटेल. गुपचूप करायचं. एल्वेदिनला सांगितलं. तो म्हणाला, "होईल सर. पण तिथे दिवसरात्र माणसं असतात. रस्ता मोकळा कधी मिळणार?"

रस्ता मोकळा मिळाला तो हसिबचा बाप वारला तेव्हा. एवढ्या मोठ्या माणसाचा बाप, म्हणजे सगळे पुरुष गावाच्या दुसऱ्या टोकाला कबरस्तानात आणि सगळ्या बायका हसिबच्या घरी प्रार्थनेला. सेय्दा मावशीही तिकडेच. प्रोफेसरांनी हिशेब केला, तासाभरात काम आटोपतं, मग धावत जाऊन ओळीत शेवटी उभं राहता येईल. भूगर्भाचे हिशेब त्यांचे कधी चुकले नव्हते.

एल्वेदिनने चर खणला, पाइप आणला. दोघं चिखलात उतरले. जोड अर्धा लागला तेव्हा एल्वेदिनने घड्याळ बघितलं. "सर, मी जरा तोंड दाखवून येतो. दहा मिनिटं. मी नाही दिसलो तर बरं दिसणार नाही. तुम्ही एवढा जोड धरून ठेवा, सोडलात तर सगळा रस्ता वाहून जाईल."

प्रोफेसरांनी जोड धरून ठेवला. दहा मिनिटांचं काय झालं देव जाणे. बोटं बधिर झाली, बाह्यांतून पाणी आत शिरलं. मग वळणावर गाड्यांचा आवाज आला, ग्रादिनाचे लोक जनाज्याहून परत निघाले होते. विज्ञानाचा डॉक्टर, तीन पुस्तकांचा लेखक, पोद्व्रेलोचा महापौर चरात खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून, हातातला पाइप न सोडता. गाड्या एकामागून एक गेल्या.

एल्वेदिन आला तेव्हा त्याच्या बुटांना कबरस्तानाची माती होती आणि चेहऱ्यावर योग्य तेवढं दुःख. "फार माणसं होती, सर. निघताच येईना."

"माझ्याबद्दल कोणी विचारलं?"

"सगळ्यांनी."

चर बुजवून प्रोफेसर तसेच हसिबकडे गेले. अंगणात पुरुष बसले होते. हसिबने हात मिळवला, मान खाली करून त्यांच्या बुटांकडे, मग गुडघ्यांपर्यंत भिजलेल्या पँटीकडे बघितलं.

"कुठे होतात, प्रोफेसर?"

खरं सांगता येत नव्हतं. "मीटिंग होती."

"माझ्या बापापेक्षा मोठी?"

प्रोफेसर म्हणाले, "माफ करा." हसिबने मान हलवली आणि पुढच्या माणसाचा हात हातात घेतला. तिथे त्यांची कारकीर्द संपली, हे कळायला त्यांना आणखी दीड वर्ष लागलं. जुम्राला फोनवरच कळलं.

त्या पानगळीत शाळेत कावीळ आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. डॉक्टर म्हणाले, पोरं हात धुवायला लागली. प्रोफेसर शाळेवरून जाताना मैदानात धावणारी मुलं बघत आणि मनातल्या मनात मोठ्याने म्हणत, हे मी केलंय. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नव्हती.

गावाचं मात्र दुसरंच चालू होतं. पाणी बदललं, असं आधी म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं. गार लागत नाही. वास येतो. पाण्यातला जीव गेला. का गेला? कोणीतरी म्हणालं, महापौराची श्रद्धा नाही ना, शहिदाच्या पाण्याला घाण म्हणाला तो, आणि हसिबच्या बापाच्या जनाज्यालाही आला नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या आणि पक्क्या झाल्या. बाटल्यावाले बंद झाले. झेनित्साची बस बंद झाली. एकदा प्रोफेसर वळणावरून जात असताना सेय्दा मावशीने खिडकीतून हाक मारली. "लोक थांबत नाहीत हो आता," ती म्हणाली. "मी काही चुकले का, प्रोफेसर?"

"नाही मावशी. तुम्ही काही नाही चुकलात," एवढंच ते म्हणाले आणि लगबगीने पुढे निघाले.

निवडणूक आली. हसिबच्या पक्षाने प्रोफेसरांना तिकीट नाकारलं आणि एल्वेदिनला दिलं. गावभर पोस्टर लागली, एल्वेदिनचा हसरा चेहरा आणि खाली, "जुनं पाणी परत." प्रोफेसर अपक्ष उभे राहिले. का ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. एके दुपारी ते पाणीखात्याच्या कचेरीत जाऊन एल्वेदिनसमोर उभे राहिले.

"मी तुला दहापैकी दहा दिले होते."

"बसा ना सर. कॉफी सांगू?"

"तुला माहीत आहे त्या पाण्यात काय आहे. माझ्याइतकंच माहीत आहे."

"माहीत आहे, सर." एल्वेदिनचा आवाज खरोखर नम्र होता, तेच जास्त लागलं. "तुम्ही पाणी बदललंत, कावीळ थांबली. कोणाला कळलं? न झालेल्या आजाराला कोण मत देतं? मी आधी निवडून येतो. मग बघू. क्लोरीनचं यंत्र बसवता येईल. हळूहळू."

"मी गावाला सांगेन, जोड तूच मारलास."

"सांगा. पण मी जनाज्यात होतो, सर. सगळ्या गावाने बघितलंय."

यावर प्रोफेसरांना हसू आलं. तीस वर्षांत एवढं नेमकं उत्तर कोणत्या विद्यार्थ्याने त्यांना दिलं नव्हतं.

प्रोफेसर सपाटून पडले. जुम्रा त्यांना न्यायला आली ती नेमकी झऱ्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी. सामान गाडीत भरून झालं होतं. "चल, बघायचं नाही ते," ती म्हणाली. पण गाडी वळणावर अडली, रस्ताभर माणसं होती. बँड होता, फीत होती, शाळेची मुलं रांगेने उभी केली होती. नव्या महापौरांच्या माणसांनी आदल्याच दिवशी नळाचा जोड तोडून डोंगराचं पाणी पुन्हा दगडात आणलं होतं. क्लोरीनचं यंत्र दिसत नव्हतं. एल्वेदिन फीत कापत होता. हसिब शेजारी टाळ्या वाजवत होता. कोणीतरी भरलेला पेला एल्वेदिनपुढे धरला तेव्हा त्याने तो कपाळाला लावला, ओठाला टेकवला आणि मागच्याकडे दिला. घोट घेतल्याचं दिसलं नाही. प्रोफेसर नेमकं गळ्याकडेच बघत होते.

आणि सेय्दा मावशी. तिने नवीन पांढरा रुमाल डोक्याला बांधला होता. माणसांची गर्दी बघून तिचा चेहरा उजळला होता, हे प्रोफेसरांना दुरूनही दिसलं, आणि त्याही रागात बरं वाटलं. ते गाडीतून उतरले. जुम्राने बाही धरली, ती त्यांनी सोडवली. मावशीने त्यांना बघितलं, पेला झऱ्याखाली धरून भरला आणि गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आली.

"प्रोफेसर, जाताय ना? माझ्या पोरासाठी एवढं प्या. तुमच्याकडे शिकला तो."

पडलेला महापौर काय करतो ते सगळ्यांनाच बघायचं होतं. प्रोफेसरांनी पेला घेतला. पेल्यात बघितलं, तर पाणी इतकं नितळ की तळाचा पत्र्याचा सांधा दिसत होता. त्यांनी डोळे मिटले, मेन्सुरसाठी फातिहा म्हटली, मनापासून म्हटली, आणि पेला रिकामा केला. पाणी गार होतं. दात शिवशिवले. आणि खरं सांगायचं तर गोड होतं, आयुष्यात प्यायलेल्या कुठल्याही पाण्यापेक्षा गोड.

मावशीने डोळे टिपले. तेवढ्यात शिक्षिकेने हाताने खूण केली आणि मुलांची रांग पुढे सरकली. प्रत्येकाच्या हातात शाळेने दिलेला नवा कागदी कप होता.

प्रोफेसर मध्ये उभे राहिले. चार वर्षं घशात अडकून राहिलेलं त्यांनी बोलून टाकलं, सरळ, वर्गात बोलत तसं, "मुलांनो, हे पिऊ नका. हे घाण पाणी आहे. वरच्या वस्तीचा मैला आहे यात. तुम्हाला कावीळ होईल. मी खरं सांगतोय."

मुलं थांबली. शिक्षिका एल्वेदिनकडे बघायला लागली. मागून एकजण म्हणाला, "पडला ना, म्हणून," आणि थोडे हसले. पण मुलं थांबली होती. एका मुलीने कप पाठीमागे लपवला. क्षणभर प्रोफेसरांना वाटलं, पटलं, शेवटी पटलं.

सेय्दा मावशी त्यांच्याकडे बघत होती. तिला राग आलेला नव्हता. ती फक्त गोंधळली होती, आणि तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग तुम्ही आत्ता का प्यायलात, प्रोफेसर?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मुलंही. उत्तर त्यांच्याकडे होतं. ते तिच्यासमोर, तिच्या पांढऱ्या रुमालासमोर, या सगळ्या माणसांत सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी जुम्राकडे बघितलं. तिने मान दुसरीकडे वळवली होती.

"तहान लागली होती, मावशी," प्रोफेसर म्हणाले.

मावशीचा चेहरा निवळला. तिने त्यांच्या हातातून पेला घेतला आणि पुन्हा भरायला वळली. तिच्यामागोमाग रांग सरकली आणि मुलांनी कप पुढे केले.